पाण्याच्या अलीकडे

जागेचं नाव इथे लिहीत नाही.
सिरिल म्हणाला होता, नको.
ॲलिसपासून चार तास, त्यातले दोन धुळीचे,
एवढं पुरे.

पत्र्याची पाटी होती, उन्हाने विटलेली.
पुढे बायकांची जागा. पुरुषांनी इथेच थांबावं.
नोएलीन उतरली, उत्पलाला म्हणाली,
टोपी असू दे, फोन ठेव.
दोघी निघाल्या तांबड्या वाटेने.
उत्पलाने एकदा मागे वळून पाहिलं,
परीक्षेच्या वर्गात शिरताना पोर पाहतं तसं.

मी उरलो. खरं सांगायचं तर चिडलो.
पाटी दिसली की माझ्या पाठीतून काहीतरी सरकतं.
माझ्या आजोबांच्या विहिरीवर पाटीसुद्धा नव्हती,
लिहायची गरजच नव्हती,
अख्ख्या गावाला तोंडपाठ होतं कुणी कुठून वळायचं.
ओंजळ पुढे करायची. पाणी वरून पडायचं,
भांड्याला हात लागू न देता.
आणि मी, त्यांचा नातू,
बारा वर्षं ॲडिलेडमध्ये, खिशात इथलाच पासपोर्ट,
भाड्याच्या गाडीला टेकून
पुन्हा एका पाण्याच्या अलीकडे.

हे सिरिलला सांगितलं.
म्हणजे निम्मं. माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत
विहिरीला लागणारे शब्दच नव्हते.
तो बंपरवर बसला होता,
डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या माश्या न हाकलता.
इतका वेळ गप्प, की वाटलं ऐकलंच नाही.
मग म्हणाला, तसली पाटी मला माहीत आहे.
शहरातल्या पोहण्याच्या तलावावर होती.
आम्ही जाळीला नाक लावून
गोऱ्या पोरांच्या उड्या मोजायचो.
ती वेगळी.

मग ओठांनीच डोंगराकडे दाखवलं.
माझ्या आईचा मुलूख हा.
त्या झाडापलीकडे जन्मलो मी.
एकाहत्तर वर्षं झाली.
मी ते पाणी पाहिलेलं नाही.

पाहावंसं वाटत नाही?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं
आईच्या पोटात परत जाऊन
बघावंसं वाटत नाही का.

थर्मासमधला चहा आम्ही एकाच झाकणातून प्यालो,
आळीपाळीने.
त्याने कड पुसली नाही.
मीही नाही.

एकदा लांबून नोएलीनची हाक आली,
लांबलचक, शेवटाला चढलेली.
त्यातला एकच शब्द माझ्या ओळखीचा, उत्पला.
सिरिल म्हणाला, ओळख करून देतेय,
अनोळखी माणूस आलं की सांगावं लागतं.
कुणाला, ते मी विचारलं नाही.
एव्हाना तेवढं शिकलो होतो.

ती परतली तेव्हा मनगटापर्यंत ओली होती.
गाडीत बसली, पट्टा लावला,
आणि चाळीस किलोमीटर आमच्या मधे फक्त इंजिन.
मग म्हणाली, भूक लागलीय.

त्याला आता सहा वर्षं होतील.
आमच्यात लपवाछपवी फारशी नाही.
पगार, पासवर्ड, तिच्या आईचं दुखणं,
मला अजून पडणारी शाळेची स्वप्नं, सगळं उघडं.
फक्त कधीतरी भांडी घासताना
ती नळाखाली हात तसेच धरून राहते,
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ,
या कोरड्या शहरात, जिथे ती एरवी
दात घासतानासुद्धा मला नळ बंद करायला लावते.

मी ओट्याकडे येतो.
दोन फरश्या आधी थांबतो.
एकदा विचारणारच होतो, तोंडही उघडलं होतं.
मग म्हणालो, फडकं दे,
पुसून ठेवतो.